हात खाली

१९६६ सालच्या फेब्रुवारीतली एक सकाळ. मी वर्गाच्या फरशीवर खडूनं सहा वर्तुळं काढली होती आणि प्रत्येक वर्तुळात एक मूल उभं केलं होतं. आमच्या मुख्याध्यापिका आगाशेबाई दारात आल्या, त्यांनी वर्तुळं पाहिली आणि मागे वळून शिपायाला सांगितलं, "सखाराम, ओलं फडकं आण."

मुलांना ते ऐकू जाणार नव्हतं. पण बाईंचे ओठ त्यांना दिसले. सहाही जणांनी हात पाठीमागे नेले.

"हे काय चाललंय, ढवळेबाई?"

"विभक्ती शिकवतेय."

"फरशीवर?"

"तक्ता त्यांना पाठ आहे, मोठ्या बाई. कळत मात्र काही नाही. म्हणून म्हटलं, एकेकाला एकेक जागा देऊन बघावी. करणारा इथं उभा राहील. ज्याला काही होतं तो तिथं. वस्तू कुठून सुटली, कुणाला मिळाली, कशानं झालं..."

"आणि हे त्यांना सांगताय कसं? हातांनी?"

हातांनीच सांगत होते.

"शाळा आहे ही. नाटक कंपनी नाही." सखाराम फडकं घेऊन आला आणि मुलांच्या पायांमधून फरशी पुसू लागला. बाई पुसून होईपर्यंत तिथंच थांबल्या. "तुम्ही बी.ए.ला पहिल्या वर्गात आलात, हे मला ठाऊक आहे. तुमच्या मामांनी तीनदा सांगितलं. पण या मुलांना बी.ए. व्हायचं नाहीये. दुकानात जाऊन 'मला पावशेर साखर द्या' एवढं तोंडानं म्हणता आलं, तरी त्यांचा जन्म सार्थकी लागेल. ते म्हणता यावं म्हणून मी सोळा वर्षं घसा फोडतेय. तुमचे हात मला पुन्हा चाललेले दिसले ना, तर मी तुम्हाला एका शब्दानं बोलणार नाही. हिचं नाव काढून टाकीन."

त्यांनी बोट दाखवलं ते हौसाकडे.

"तिचं काय चुकलं?"

"सगळ्यांत जास्त हात हिचेच चालतात. आणि हिचं बघून बाकीच्यांचे."

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मूकबधिर मुलांची ही शाळा होती. गावात तिला मुक्यांची शाळा म्हणत, आणि कुणी तसं म्हटलेलं कानावर पडलं की आगाशेबाई रस्त्यात थांबून त्याला झाडत. त्या विलायतेत शिकून आल्या होत्या. मूल बहिरं असलं तरी मुकं नसतं, त्याला बोलायला शिकवता येतं, हे त्यांचं आयुष्याचं काम होतं, आणि त्यासाठी शाळेत एकच नियम होता, हात खाली. मूल एकदा खुणा करायला लागलं की तोंड उघडत नाही, असं त्यांचं ठाम मत. मुलांनी आरशापुढे बसायचं, बाईंच्या गळ्यावर हात ठेवून आवाजाची थरथर ओळखायची, ओठांपुढे कागदाची पट्टी धरून 'प' म्हणायचा. पट्टी हलली तर 'प' आला. उरलेला वेळ हात मागे, नाहीतर मांड्यांखाली. खाणाखुणा करणार नाही, असं नोकरीवर घेताना माझ्याकडूनही लिहून घेतलं होतं. ज्या मुलाचे हात ऐकत नसत, त्याच्या हातांना पांढऱ्या मांजरपाटाच्या पिशव्या घालत आणि मनगटाशी नाडी बांधत. वसतिगृहाच्या यमुनाबाईंनी त्या शिवल्या होत्या. धुवून, उन्हात वाळवून, घडी करून त्या कपाटात ठेवलेल्या असत.

मी चोवीस वर्षांची होते. मला वाटायचं, माझी आणि बाईंची भांडणं शिकवण्याच्या पद्धतीवरून आहेत.

हौसा दगडू लोहाराची मुलगी, अकरा-बारा वर्षांची. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. शाळेत यायच्या आधी घरी तिला भात्याजवळच्या खांबाला दोरीनं बांधून ठेवत. दुष्टपणानं नव्हे. लोहारकीचं दुकान रस्त्यावर होतं, मागून येणारी गाडी तिला ऐकू जात नसे, आणि आई नव्हती. शाळेत दाखल झाली तेव्हा तिच्या कमरेवर दोरीचा वण होता. तिचे वडील दर अमावास्येला, दुकान बंद असे तेव्हा, तिला बघायला येत आणि माझ्यापुढे उभे राहून प्रत्येक वेळी तेच म्हणत, "बाईसाब, म्या दुसरं काय बी मागत न्हाई. येकदा मला आबा म्हणंल, बास झालं." ती 'आबा' म्हणायची, पण त्यातला 'ब' यायचा नाही. 'आमा' व्हायचं. दगडू मान हलवून म्हणत, "येतंय, येतंय. निम्मं आलंय."

नाव काढून टाकणं म्हणजे तिला पुन्हा त्या खांबापाशी पाठवणं. हे बाईंना माहीत होतं आणि मलाही.

शब्द सगळ्याच मुलांना येत. पण ते सुटेसुटे उभे असत. "छबू चिंच हौसा दे," असं एखादं मूल म्हणे, आणि छबूनं हौसाला दिली की हौसानं छबूला, की दोघींनी मिळून तिसऱ्याकडे मागितली, ते बोलणाऱ्यालाच ठाऊक. ऐकणाऱ्या मुलाला 'ने' आणि 'ला' कुणी शिकवत नाही, ते रांगताना कानात जातं. यांच्या कानात काहीच गेलेलं नव्हतं. बाई त्यांच्याकडून तक्ता घोकून घेत. द्वितीया, स, ला, ते. तृतीया, ने, ए, शी. पाहुणे आले की मुलं उभी राहून तो म्हणत, पाहुण्यांचे डोळे पाणावत, आणि पाहुणे गेले की मुलं पुन्हा "छबू चिंच हौसा दे".

फरशी पुसल्यानंतरच्या सोमवारी मी वर्गाचं दार लावून घेतलं. फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. हौसाने छबूला मारले. हौसाने छबूला चिंच दिली. हौसा साताऱ्याला गेली.

छबू ही आमच्याकडची सगळ्यांत लहान, पाच वर्षांची. हौसा तिची आई असल्यासारखी तिला घेऊन फिरे, म्हणून ती माझ्या वर्गातही येऊन बसायची.

हौसानं वाक्यं वाचली. मग उठून फळ्यापाशी आली, आणि तिन्ही 'ला'वर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठी.

"हो," मी म्हटलं. "ला. तिन्हीकडे ला."

तिनं मान जोरात हलवली. नाही. दाराकडे एकदा पाहिलं, आणि मग हात मागून पुढे आणले. मारलं, तेव्हा तिचा हात छबूच्या खांद्यावर जाऊन थांबला. दिली, तेव्हा दोन्ही ओंजळी छबूपुढे उघडल्या आणि छबूनं खोटीखोटी चिंच उचलेपर्यंत तशाच राहिल्या. गेली, तेव्हा हात छबूला शिवलाच नाही, तिच्या डोक्यावरून खिडकीकडे, लांब साताऱ्याच्या दिशेनं निघून गेला. मग तिनं पुन्हा तिन्ही 'ला' दाखवले आणि दोन्ही तळवे वर केले. असं कसं, वेगळ्या तीन गोष्टींना एकच?

कर्म, संप्रदान आणि गतीचं ठिकाण. या तिन्हींच्या व्याख्या मी बी.ए.च्या परीक्षेत मान खाली घालून लिहिल्या होत्या. त्या मला आज पहिल्यांदा दिसत होत्या. आणि आम्ही समजत होतो की या मुलांना विभक्ती येत नाही.

मी खांदे उडवले. हौसा हसली. मास्तरीण हरल्याचा तिला आनंद झाला होता.

मला हे बाईंना सांगावंसं वाटलं. मी वेडीच. त्यांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"दार का लावलं होतं?"

"वारा होता."

"वारा नव्हता." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ढवळेबाई, तुम्हाला ती हुशार वाटते. मलाही वाटते. म्हणूनच तिनं बोलायला हवं. हातांनी ती तुमच्याशी बोलेल, छबूशी बोलेल. तिच्या गावातल्या वाण्याशी बोलेल का? नवऱ्याशी? तुम्ही दोन वर्षांनी लग्न करून जाल. ती कुठं जाणार?"

"पण तिला समजतंय, मोठ्या बाई."

"माकडालाही समजतं."

मी तिथून निघाले. नाहीतर मी काहीतरी बोलले असते.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, छबू हौदात पडली.

अंगणात चिरेबंदी हौद होता, माणसाच्या उंचीचा, बाजूला पायऱ्या आणि वर फळ्या. गुरुवार हा तो धुवायचा वार. पाणी काढून टाकलेलं होतं आणि मधल्या दोन फळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी आत वर्गात होते. मला ऐकू आली ती यमुनाबाईंची किंकाळी. मी धावत बाहेर आले तेव्हा सखाराम हौदात उतरला होता आणि आगाशेबाई हौदाच्या पायरीवर वाकून छबूला त्याच्या हातून वर घेत होत्या. छबूचा डावा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. हौसा ओसरीच्या खांबाशी उभी होती आणि तिच्या तोंडून एक आवाज येत होता, तसा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

छबूला टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं. दुपारी बाई परत आल्या. त्यांच्या पातळावर रक्त होतं. पातळ न बदलताच त्यांनी मला बोलावलं.

"तुमची हुशार मुलगी," त्या म्हणाल्या. "ओसरीवर उभी राहून छबूला हातवारे करत होती. छबू हौदावर चढलेली, आणि ही तिला खुणावतेय. पोर हिच्याकडे बघत बघत पुढे आली आणि आत गेली. मी ओसरीवरच होते. मी हिला थांबवेपर्यंत ती गेली होती."

"हौसा छबूला मुद्दाम बोलावणार नाही."

"मुद्दाम कोण म्हणतंय? तोंडानं बोलायची सवय असती तर पोरीनं तिथं जाऊन हाताला धरून आणलं असतं. खुणांची चटक लागलीय. लांबूनच हात चालवायचे. दाराआड काय शिकवलंत, ते दिसलं ना आता?"

"तिला विचारलंत?"

"विचारलं. तीन वेळा विचारलं. काय म्हणाली ऐका. 'छबू हौद. हात मी. बाई.' आता तुम्ही व्याकरणवाल्या. लावा अर्थ."

संध्याकाळी मी हौसाला भेटायला गेले तर यमुनाबाई आजाऱ्यांच्या खोलीच्या दारातच बसल्या होत्या, तांदूळ निवडत.

"सोडायचं न्हाई, असं सांगितलंय."

"नुसतं बघते."

"बघा की मग, हिथनंच."

हौसा खाटेवर बसली होती. दोन्ही हातांना पिशव्या. मला बघून तिनं दोन्ही पिशव्या एकदम वर केल्या, काहीतरी सांगायला गेली, आणि मांजरपाटाचे दोन पांढरे गोळे हवेत हलले. मग तिनं ते मांडीवर ठेवून दिले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तुमी भांडताय आन् पोरगी भोगतीय," यमुनाबाई तांदळातला खडा फेकत म्हणाल्या. "बाई वंगाळ न्हाईत. हट्टी हायेत. तुमी बी तशाच."

रविवारी सकाळी शाळेच्या समितीचे अध्यक्ष दादासाहेब पोतनीस आले. वकील होते, तब्येतीनं भारी, स्वभावानं बरे. बहिऱ्या मुलांशी ते नेहमी मोठ्यानं बोलत. हौसाला आत आणलं तसे ते ओरडले, "बाळ, घाबरू नकोस हं."

"दादासाहेब, ओरडून उपयोग नाही," आगाशेबाई म्हणाल्या. "ओठ नीट हलवा."

दगडू लोहार दाराशी उभे होते, मुंडासं हातात घेऊन. त्यांना खुर्ची दिली तर ते बसले नाहीत. त्यांची नजर मुलीच्या पिशव्यांवर गेली.

"हातास्नी काय झालं हिच्या? भाजलं काय?"

त्यांच्या धंद्यात हाताला फडकं बांधायचं तेवढं एकच कारण होतं.

"भाजलं नाही," बाई म्हणाल्या. "ती हात फार हलवते. सवय मोडायला बांधलेत."

"मंग भाजल्यालं न्हाई," दगडू म्हणाले, आणि त्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

बाईंनी घडलेलं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, एक शब्द इकडेतिकडे नाही. बाई खोटं बोलत नसत. ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच मला काही सुचत नव्हतं.

"मुलीचं म्हणणं काय?" दादासाहेबांनी विचारलं.

"सांग हौसा," बाई म्हणाल्या. "तोंडानं. सावकाश. पूर्ण वाक्य."

हौसानं श्वास घेतला. "छमू... हौद," ती म्हणाली. "हात. मी. माई." मग पुन्हा, जास्त जोरानं, "माई हात मी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे, हात मी केले, बाई, चुकलं," आगाशेबाई म्हणाल्या. "माफी मागतेय."

"किंवा आणखी काहीही म्हणत असेल," मी म्हटलं.

"ढवळेबाई, तुम्हाला इथं कशाला बोलावलंय ते लक्षात ठेवा. तुम्ही शिकवलेल्या विभक्तीचा हा नमुना आहे."

"तुम्ही शिकवलेल्या तोंडाचाही आहे."

"भांडू नका, भांडू नका," दादासाहेब म्हणाले. "मला सांगा, मुलीला ठेवायचं की नाही? आगाशेबाईंचं म्हणणं, हिच्यामुळे इतर मुलांना धोका आहे. एका पोरीचा हात मोडला आहे. मी काय करू? दगडूबुवा, तुमचं काय म्हणणं?"

"म्या काय म्हणू? शिकल्यालं लोक तुमी." दगडू मुंडाशाची घडी उलगडत आणि पुन्हा घालत होते. "तिला घरी न्यायाची म्हंजे साहेब, पुन्ना बांधायाची. आता मोठी झालीय. आता साखळीच लागंल. दोर न्हाई पुरायचा."

हौसा आमच्या तोंडांकडे बघत होती, एकाकडून दुसऱ्याकडे. तिला सगळ्यांचे ओठ एकदम वाचता येत नव्हते. ती मागे पडत होती.

मी उठून तिच्यापाशी गेले आणि डाव्या मनगटाची नाडी सोडायला लागले. गाठ घट्ट होती.

"सोडू नका," आगाशेबाई म्हणाल्या.

मी दातांनी गाठ सैल केली.

"ढवळेबाई, मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. तुम्ही लिहून दिलंय. ती नाडी सोडलीत तर हा तुमचा इथला शेवटचा दिवस."

"बरं," मी म्हटलं.

पिशव्या निघाल्या तशी हौसानं बोटं उघडली, मिटली. तीन दिवस बांधलेली बोटं पांढरी पडली होती. तिनं बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली.

आधी तिनं दादासाहेबांच्या टेबलावरचे कागद बाजूला सारले. दादासाहेबांनी ते सारू दिले. टेबल म्हणजे हौद. मध्ये तिनं हात आडवा फिरवला, इथं फळी नाही. दौतीचं बूच उचलून टेबलाच्या काठावर ठेवलं आणि हाताची उंची दाखवली, एवढीशी. छबू. मग ती स्वतः चार पावलं मागे सरून भिंतीशी उभी राहिली. ओसरीचा खांब.

तिथून तिनं छबूला पाहिलं. चेहरा धास्तावला, डोळे मोठे झाले. दोन्ही हात एकदम वर गेले, तळवे समोर, बोटं ताठ, आणि तिनं ते जोरानं पुढे लोटले, एकदा, दोनदा. मागे. मागे हो. लहान मूलही ओळखेल असं. मग पुढे येऊन तिनं टेबलावरचं बूच बोटानं मागच्या बाजूला सरकवलं. छबूनं ऐकलं होतं. ती मागे सरत होती.

मग हौसा माझ्याजवळ आली. मला खांद्याला धरून तिनं भिंतीशी, ती उभी होती त्या जागी उभं केलं, आणि माझे हात वर करायला लावले. आता मी हौसा झाले. ती माझ्या मागे गेली. मला ती दिसेना. क्षणभर काही झालं नाही, आणि मग मागून तिनं माझी दोन्ही मनगटं पकडली आणि असा हिसका देऊन खाली ओढली की माझ्या खांद्यात कळ गेली. ती सोडेना. माझे हात तिनं कमरेशी दाबून धरले. मी सुटायची धडपड केली तशी आणखी घट्ट.

मग तिनं मला सोडलं, आणि माझ्या मागच्या त्या जागेवरून, पकडणाऱ्याच्या जागेवरून, हात लांब करून आगाशेबाईंकडे बोट दाखवलं.

अजून संपलं नव्हतं. ती टेबलापाशी गेली आणि छबू झाली. भिंतीकडे बघत मान उंच केली, डावीकडे केली, उजवीकडे केली. आताच हात बोलत होते, कुठं गेले? काय म्हणत होती हौसा? नीट दिसावं म्हणून एक पाऊल पुढे. आणखी एक. तिनं पुढे सरकवलेलं बूच टेबलावरून खाली पडलं आणि फरशीवर घरंगळत दगडूंच्या पायाशी गेलं.

दगडूंनी ते उचललं. ते म्हणाले, "हे तर सरळ हाय की, साहेब."

दादासाहेबांनी विचारलं, हळू आवाजात, "मोठ्या बाई, तुम्ही तिचे हात धरले होते?"

"धरले होते."

"हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?" आगाशेबाई म्हणाल्या. "मी दिवसभर कुणाचे ना कुणाचे हात धरतच असते." आणि हे बोलता बोलता त्या थांबल्या. बसल्या जागी त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, बोलावतेय. मी मागून आले होते."

"ती ओरडत होती," मी म्हटलं. "छबूला ऐकू जाईल असं ओरडत होती. तुम्ही तिचं तोंड दाबलंत."

"ढवळेबाई," दादासाहेब म्हणाले, "पुरे."

बाई उठल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "मुलीचं नाव राहू द्या, दादासाहेब. दगडूबुवा, तुमची मुलगी इथंच राहील. सातवीपर्यंत राहील. छबूच्या आईला मी स्वतः लिहिते काय झालं ते." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मात्र आज सामान बांधा. नियम मोडलाय आणि समितीसमोर मोडलाय."

"बाई, अहो, या परिस्थितीत..." दादासाहेब म्हणाले.

"परिस्थितीत काही फरक पडत नाही. माझी चूक झाली, ती मी मान्य करतेय. यांची झाली ती यांनी करावी." माझ्या अगदी जवळ येऊन त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटतंय तुम्ही तिला वाचवलंत. आज तिला कळलं की हातांनी सगळं मिळतं. आता ती तोंड उघडणार नाही. लिहून ठेवा."

दुपारच्या एस.टी.नं मी निघाले. सखाराम वळकटी घेऊन स्टँडवर आला होता.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, बरंचसं यमुनाबाईंकडून. त्या म्हातारपणी कोल्हापुरात भाचीकडे राहायला आल्या. मी तिथंच मुलींच्या हायस्कुलात मराठी शिकवत होते, आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. त्यांनी सांगितलं की त्या रविवारनंतरच्या पहाटे आगाशेबाईंनी कपाटातल्या सगळ्या पिशव्या काढून बंबात घातल्या. सकाळी मुलांची आंघोळ त्याच पाण्यानं झाली. 'हात खाली'चा नियम मात्र होता तसाच राहिला. बाई त्र्याऐंशी सालापर्यंत शाळेत होत्या. नियम सांगायच्या, रागवायच्या, पण कुणाच्या हाताला हात लावायच्या नाहीत. त्यांनी मला कधी पत्र लिहिलं नाही, मीही त्यांना नाही. त्या वारल्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली आणि त्या दिवशी माझा स्वयंपाक झाला नाही.

दादासाहेब पोतनीसांनी पुढच्याच वर्षी अध्यक्षपद सोडलं. छबूचा हात जरा वाकडा जुळला. ती कराडला शिवणाचा क्लास चालवते आणि वाकड्या हातानं कापड फार सरळ कापते, असं तिच्या विद्यार्थिनी सांगतात.

आगाशेबाई म्हणाल्या तसंच झालं. हौसा सातवीपर्यंत शाळेत राहिली, लिहायला-वाचायला शिकली, 'ने' आणि 'ला' कागदावर बिनचूक लावायला लागली. पण त्या रविवारनंतर तिनं तोंडानं एक शब्द काढला नाही. कुणासाठीच नाही. दगडू लोहार एकाहत्तर साली वारले. निम्मं आलेलं 'आबा' पुरं झालंच नाही. ते मला कधी विसरता आलेलं नाही, आणि नाडी सोडल्याचं वाईटही कधी वाटलेलं नाही. दोन्ही खरं आहे.

हौसाचं लग्न इचलकरंजीच्या एका बहिऱ्या विणकराशी झालं. पुढे ती स्वतःही यंत्रमागावर जायला लागली. मागाच्या खडखडाटात तिथं ऐकणारी माणसंही हातांनीच बोलतात, त्यामुळे त्या शेडमध्ये हौसापेक्षा चांगलं बोलणारं कुणी नव्हतं. पगाराचं, रजेचं काही असलं की कामगार तिला पुढे करत.

मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले होते. आता तीही सत्तरी ओलांडलेली. मुलगा कामावर होता. सुनेनं चहा आणला आणि माझ्याशेजारी बसून, सासूकडे पाठ करून, तक्रारी सांगायला लागली. ऐकणारीच मुलगी, पण बोलताना तिचेही हात हलत होते.

"पहाटं उठल्यापासनं सुरू होतं बघा यांचं. भाजी अशी चिरू नको, पोराला तिकडं पाठवू नको, दिवा का लावलाय. मी तोंड फिरवलं तर खांद्याला धरून वळवत्यात आणि पुन्हा पयल्यापासनं सांगत्यात. आख्खी गल्ली यांना भिती. बाई, तुमी यांच्या शाळेत होता ना? मग सांगा बरं, यांना असं बोलायला शिकवलं तरी कुणी?"

"मी नाही," मी म्हटलं.

खाटेवरून हौसानं माझ्याकडे पाहून हातानं विचारलं, माझ्याबद्दल काय सांगतेय ही? मी कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मग सासू-सुनेचं जे जुंपलं ते मी निघेपर्यंत चालू होतं.